प्रवाळवाढीच्या लहान टाकीसाठी जिवांची निवड : एक प्रकरण

न्यू जर्सी राज्यातील एडिसन येथे राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाच्या दिवाणखान्यात सुमारे ४५० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी काही वर्षांपासून स्थिरावलेली आहे. तिच्यातील प्रवाळ वाढून एकमेकांवर चढू लागले, तेव्हा छाटलेले तुकडे टाकून देण्याऐवजी ते वेगळे वाढवावेत आणि गावातल्या हौशी मंडळींशी त्यांची देवाणघेवाण करावी, असे पती-पत्नींनी ठरवले. त्यासाठी तळघरात ९० सेंमी लांब, ४५ सेंमी रुंद आणि अवघी ३० सेंमी उंच अशी उथळ टाकी मांडण्यात आली. वरची कड मोकळी सोडल्यावर तिच्यात साधारण १०५ लिटर पाणी राहते. तळाला वाळू नाही, खडक नाहीत. प्लॅस्टिकच्या जाळीदार पट्ट्यांचे दोन रॅक आहेत आणि त्यांच्या भोकांत चिनी मातीच्या छोट्या चकत्यांवर डिंकाने चिकटवलेले प्रवाळांचे तुकडे, म्हणजे हौशी लोकांच्या भाषेत फ्रॅग, ओळीने उभे केलेले आहेत. झोअँथिड, डिस्कोसोमा, युफायलियाच्या दोन जाती आणि पातळ पानासारखी पसरणारी माँटिपोरा एवढाच सुरुवातीचा संग्रह होता. ॲक्रोपोरा नंतर आणायचा होता.

टाकी मांडून दोन महिने झाले, तसे रॅकच्या पट्ट्यांवर आणि चकत्यांच्या कडांवर हिरवे केसाळ शेवाळ धरू लागले. त्याच सुमारास एका चकतीखाली ॲप्टेशिया हे उपद्रवी समुद्रफूल आढळले. हे दिसायला नाजूक असते, परंतु त्याच्या दंशाने शेजारचा प्रवाळ आक्रसतो आणि चिमट्याने ओढले तर तळाशी राहिलेल्या पेशींच्या कणाकणातून नवे उगवते. या टप्प्यावर कुटुंबाने माझा सल्ला विचारला आणि सोबत दुकानातून मिळालेली यादी पाठवली. तीत एक पिवळा टँग, एक लॉनमोअर ब्लेनी, क्लाउनमाशांची जोडी, एक मँडरिन मासा, एक टक्सिडो अर्चिन (काटेरी, गोलसर समुद्री प्राणी), चार मेक्सिकन टर्बो आणि वीस निळ्या पायांचे हर्मिट खेकडे होते. दुकानदाराने त्याला सफाई पथक म्हटले होते. त्या यादीतला एकही प्राणी अखेरीस या टाकीसाठी घेतला गेला नाही. प्रत्येकाला नाकारण्याची कारणे वेगवेगळी होती आणि त्यातच या प्रकरणाचा बराचसा गाभा आहे.

यादीकडे वळण्यापूर्वी टाकीचे स्वरूप पाहावे लागते, कारण शोभेच्या टाकीला लागू पडणारे नियम येथे तसेच्या तसे चालत नाहीत. शोभेच्या टाकीत खडक असतात. खडकांच्या भोकांत कोपेपॉडसारखे सूक्ष्म जीव, अळ्या, किडे आणि शेवाळाचे थर असतात, आणि माशाला दिवसभर टिपायला काही ना काही मिळत राहते. फ्रॅगच्या टाकीत ते कोठार नाही. जे काही खाण्याजोगे उगवते ते रॅकवर आणि चकत्यांवरच उगवते, आणि ते संपले की उरतो तो प्रवाळ. म्हणून येथे निवडीचा पहिला प्रश्न 'हा प्राणी काय खातो' हा नसून 'त्याचे काम संपल्यावर तो काय खाईल' हा असतो. दुसरा प्रश्न वजनाचा आहे. पूर्ण वाढलेला प्रवाळ खडकाला घट्ट धरून असतो, पण आठवड्यापूर्वी चिकटवलेला दोन सेंमी तुकडा जेल स्वरूपाच्या सुपरग्लूच्या एका थेंबावर उभा असतो आणि चकतीही भोकात नुसती बसवलेली असते. तिसरा प्रश्न पकडता येण्याचा. खडक नसल्यामुळे या टाकीतून कोणताही प्राणी पाच मिनिटांत जाळीने काढता येतो. हा या टाकीचा मोठा फायदा आहे आणि नवखे लोक तो विसरतात. ४५० लिटरच्या टाकीत जो धोका पत्करता येत नाही, तो येथे आठ दिवसांसाठी पत्करता येतो.

आणखी एक गोष्ट आहे, आणि माझ्या मते तीच सर्वांत कमी बोलली जाते. या टाकीत बाहेरून सतत काहीतरी येत राहते. देवाणघेवाणीत मिळालेला प्रत्येक नवा फ्रॅग आपल्या चकतीबरोबर दुसऱ्याच्या टाकीतले पाणी, शेवाळाचे बीज, किड्यांची अंडी आणि माशांच्या रोगांचे कोषही आणू शकतो. समुद्री माशांना पांढरे ठिपके आणणारा क्रिप्टोकॅरिऑन हा परजीवी आपल्या जीवनचक्राचा एक टप्पा माशाच्या अंगाबाहेर, कठीण पृष्ठभागावर कोष करून काढतो. तो पृष्ठभाग प्रवाळाची चकती असू शकतो किंवा गोगलगायीचा शंखही. मासा त्रासला तर तांब्याचे औषध टाकीत घालता येत नाही, कारण तांबे अपृष्ठवंशी प्राण्यांना मारते. अशा वेळी मासे काढून टाकी माशांविना रिकामी ठेवावी लागते, आणि हौशी लोकांत त्यासाठी ७६ दिवसांचा काळ पाळण्याची रीत आहे. म्हणजे या टाकीत जितके मासे अधिक, तितकी प्रत्येक नव्या फ्रॅगबरोबर येणारी जोखीम अधिक. त्यामुळे मासे दोन-तीनच असावेत आणि तेही लहान व काटक असावेत, हा निष्कर्ष जागेच्या हिशेबाच्याही आधी रोगाच्या हिशेबातून निघतो.

आता यादी. पिवळा टँग वाढून २० सेंमीपर्यंत जातो आणि दिवसभर पोहत असतो. ९० सेंमी लांबीच्या उथळ टाकीत त्याला ठेवणे हा त्या माशावर अन्याय आहे, आणि वळताना शेपटीच्या फटक्याने तो चकत्या पाडील हे निराळेच. लॉनमोअर ब्लेनी, म्हणजे सॅलारियस फॅसिएटस, केसाळ शेवाळावर उत्तम काम करतो, यात शंका नाही. परंतु तो १४ सेंमीपर्यंत वाढतो, शेवाळ संपले की पुष्कळदा तयार अन्न नाकारून खंगत जातो, आणि भुकेला झाला की कठीण प्रवाळांच्या अंगावर ओठांचे ठसे उमटवतो. काम संपल्यावर काय, या प्रश्नाचे उत्तर त्याच्या बाबतीत वाईट आहे. मँडरिनचे तर कामही नाही. तो जवळजवळ केवळ जिवंत कोपेपॉडवर जगतो आणि उघड्या तळाच्या टाकीत ते पुरेसे निपजत नाहीत. रंगांसाठी त्याला आणणे म्हणजे उपासमारीला आणणे होय.

क्लाउनमाशांचा आग्रह घरातल्या धाकट्या मुलाचा होता. बंदिस्त पैदाशीतले क्लाउनमासे काटक असतात आणि रोगाच्या हिशेबातही ते वाईट नाहीत. अडचण त्यांच्या सवयीत आहे. समुद्रफूल नसले की ते युफायलियाच्या लांब बोटांत घुसून अंग घासत बसतात. मोठ्या झुपक्याला ते सोसते, पण एका तोंडाचा नुकता कापलेला फ्रॅग त्या घासण्याने दिवसेंदिवस मिटलेला राहतो आणि जखम भरत नाही. शिवाय जागा एकदा आपली मानली की मादी हाताला चावते, आणि ही टाकी अशी आहे की तिच्यात रोज हात घालावाच लागतो. मुलाची समजूत दिवाणखान्यातल्या टाकीत जोडी आणून घालण्यात आली.

अपृष्ठवंशी प्राण्यांच्या बाबतीत दुकानदाराची निवड अधिक फसवी होती, कारण त्यातला प्रत्येक प्राणी शेवाळ खातोच. मेक्सिकन टर्बो ही मोठी, जड गोगलगाय केसाळ शेवाळ झपाट्याने फस्त करते. पण रॅकवर ती बुलडोझरसारखी चालते, आणि सकाळी तळाशी उलटे पडलेले सहा-सात फ्रॅग उचलून पुन्हा लावणे हा मग रोजचा उद्योग होऊन बसतो. उलटा पडलेला झोअँथिड दोन दिवस टिकतो, उलटी पडलेली युफायलिया तळावर घासून मांस फाडून घेते. टक्सिडो अर्चिन तर हलक्या वस्तू पाठीवर घेऊन फिरतो. शोभेच्या टाकीत शिंपल्याचा तुकडा टोपीसारखा घेऊन हिंडणारा अर्चिन पाहायला मजा येते. येथे ती टोपी म्हणजे विकत घेतलेला फ्रॅग असणार. निळ्या पायांचे हर्मिट खेकडे शेवाळ खातात तसेच गोगलगायींनाही मारतात, कारण त्यांना वाढीबरोबर मोठा शंख लागतो आणि जिवंत गोगलगायीच्या अंगावर तो तयार असतो. गोगलगायींवर भिस्त ठेवायची आणि त्यांच्यात वीस खेकडे सोडायचे, हे परस्परविरोधी आहे.

मग काय घेतले? सहा ट्रोकस, आठ लहान सेरिथ आणि मुख्य टाकीतून उचललेल्या काही स्टोमॅटेला, सगळ्या गोगलगायीच. ट्रोकस मध्यम आकाराची असते आणि पडली तर स्वतः उलटून सरळ होते. दुकानात तिच्याशेजारी मिळणाऱ्या ॲस्ट्रियाला ते बहुधा जमत नाही आणि ती उताणी पडून मरते. स्टोमॅटेला एक-दोन सेंमीपलीकडे फारशी वाढत नाही, रात्री निघते, टाकीतच प्रजनन करते आणि तिच्या वजनाने काही ढळत नाही. फ्रॅगच्या टाकीसाठी तिच्याइतका बिनतक्रार प्राणी मला ठाऊक नाही. दुकानात ती विरळाच विकली जाते, कारण ती खडकाबरोबर फुकट येते. नासारियस गोगलगायी सुचवल्या गेल्या होत्या, पण त्या वाळूत दडून राहणाऱ्या आहेत. उघड्या तळावर त्यांचे काम नाही.

या गोगलगायी आणतानाच्या एका तपशिलावर भर द्यावा लागला. अनेक दुकाने माशांच्या टाक्यांची क्षारता मुद्दाम कमी ठेवतात, विशिष्ट गुरुत्व १.०२० च्या आसपास, कारण त्यात मीठ वाचते आणि परजीवींचा जोर जरा कमी राहतो, असा त्यांचा अनुभव असतो. या टाकीत ते १.०२६ ठेवलेले होते. माशाचे शरीर अशा फरकाशी थोडेफार जुळवून घेते, गोगलगायीचे किंवा कोळंबीचे घेत नाही. म्हणून पिशवीतले पाणी आधी मोजून, मग थेंबथेंब टाकीचे पाणी त्यात सोडून, तासा-दीड तासाने त्यांना आत घेतले. दुसऱ्या दिवशी निश्चल पडलेल्या गोगलगायींबद्दल 'मालच खराब होता' असे जे सर्रास म्हटले जाते, त्यातल्या बऱ्याच प्रसंगी दोष या तासाभराचा असतो.

ॲप्टेशियाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा निघाला. त्याच्यावर तीन प्राणी सुचवले जातात. पेपरमिंट कोळंबी, टोमेंटोसस फाइलफिश आणि बर्गिया ही छोटी शंखहीन गोगलगाय. पेपरमिंट कोळंबी स्वस्त असते, परंतु तिच्या नावाखाली कधी कधी उंट कोळंबी, म्हणजे ऱ्हिंकोसिनेटिस, विकली जाते. तिच्या पाठीवर ठळक कुबड असते, पट्टे पांढऱ्या-लाल रेषांचे असतात आणि ती झोअँथिड व डिस्कोसोमा खाते, म्हणजे नेमके या टाकीतले निम्मे धन. खरी पेपरमिंट ओळखून आणली तरी दुसरी अडचण राहते. हे कुटुंब युफायलियाला आठवड्यातून दोनदा मायसिसचे, म्हणजे कोळंबीसारख्या बारीक जिवांचे, तुकडे देते आणि कोळंबी प्रवाळाच्या तोंडात पाय घालून ते तुकडे काढून घेते. त्या ओढाओढीत मांस फाटते. क्लीनर कोळंबी याच कारणाने आधीच बाद झाली होती.

फाइलफिशला या टाकीतली पकडता येण्याची सोय अनुकूल होती. तो ॲप्टेशिया खातो हे खरे, पण त्यातले काही मासे झोअँथिडना आणि मांसल प्रवाळांनाही चाखू लागतात आणि कोणता मासा तसा निघेल हे आधी सांगता येत नाही. मोठ्या टाकीत तो वाईट निघाला तर खडक उपसावे लागतात. येथे त्याला जाळीने काढून परत देता आला असता. तरीही त्याला पसंती दिली नाही, कारण ॲप्टेशिया चार-पाचच होती आणि तीही चकत्यांच्या खाली, जिथे मासा पोहोचत नाही.

बर्गिया निवडली गेली. बर्गिया स्टेफॅनी हा प्राणी ॲप्टेशियाखेरीज काहीच खात नाही आणि रात्री फटींत शिरून काम करतो. काम संपल्यावर काय, याचे उत्तर तिच्या बाबतीत स्पष्ट आहे : ती उपाशी मरते, प्रवाळाला हात लावत नाही. तिच्यामुळे मात्र इतर सर्व निवडी बांधल्या जातात. पेपरमिंट कोळंबी तिला खाते, बहुतेक रास मासे तिला खातात. म्हणून बर्गिया असेपर्यंत कोळंबी नाही आणि रास नाही, असा क्रम ठरला. तिला पंपात ओढले जाऊ नये म्हणून रात्री प्रवाह कमी करण्यात आला आणि पंपाच्या तोंडाला स्पंज बांधण्यात आला. पहिल्या काही आठवड्यांत काहीच दिसले नाही; मग काचेवर तिच्या अंड्यांच्या पांढऱ्या नागमोडी माळा दिसल्या, आणि ॲप्टेशिया हळूहळू कमी होत नाहीशी झाली. उरलेल्या बर्गिया ओळखीच्या दुसऱ्या हौशी गृहस्थांकडे देण्यात आल्या. त्यांच्या टाकीत त्यांना पुरेसे खाद्य होते.

माशांत सुरुवातीला दोनच प्रकार घेतले. एक टेलस्पॉट ब्लेनी आणि बंदिस्त पैदाशीतल्या निऑन गोबींची जोडी. टेलस्पॉट सुमारे सहा सेंमीचा असतो, काचेवरचा आणि रॅकवरचा पातळ थर चरतो, भोकात बसून दोन डोळे बाहेर काढून पाहतो. त्याच्यासाठी रॅकच्या खाली प्लॅस्टिक पाइपचे दोन तुकडे ठेवले, कारण लपायला जागा नसलेला ब्लेनी सतत दचकतो आणि दचकलेला मासा टाकीबाहेर उडी मारतो. त्याच कारणाने वरून बारीक जाळीचे झाकण अनिवार्य केले गेले. निऑन गोबी पश्चिम अटलांटिकमधली, पाच सेंमीपर्यंतची. दुसऱ्या माशांच्या अंगावरचे परजीवी टिपणारी. तिने क्रिप्टोकॅरिऑन बरा होतो असे समजू नये. ठिपक्यांच्या आत बसलेला परजीवी तिच्या आवाक्याबाहेर असतो. तिला घेण्याचे कारण साधे होते. ती लहान आहे, प्रवाळांना त्रास देत नाही आणि काहीही खाते. पिवळी क्लाउन गोबी मात्र, तीही तेवढीच लहान आणि गोंडस असली तरी, नाकारली. ती फांद्यांच्या प्रवाळांत बसते आणि अंडी घालण्यासाठी फांदीवरचे पॉलिप, म्हणजे प्रवाळाचे बारीक जीव, खरडून जागा साफ करते. पुढे ॲक्रोपोरा आणायचा असेल तर तिला आज आणणे म्हणजे पुढची अडचण आत्ता विकत घेणे होय.

सर्व मासे आधी वेगळ्या, साध्या टाकीत महिनाभराहून अधिक काळ ठेवून तपासले गेले. तळघरात त्यासाठी जागा होती, हे त्यांचे नशीब. न्यू जर्सीत घरांना तळघर असते म्हणून हे सोपे झाले, मुंबईतल्या दोन खोल्यांच्या घरात हाच आग्रह धरणे कठीण गेले असते.

शेवाळ साधारण दोन महिन्यांत आटोक्यात आले. त्यानंतर जे घडले ते या प्रकरणातला मला सर्वांत उपयोगी वाटणारा भाग आहे. टाकी स्वच्छ दिसू लागली, आणि बहुतेक लोक येथे थांबून समाधान मानतात. पण टेलस्पॉटचे पोट आत गेले. वरून पाहिले असता माशाच्या डोक्यामागचा भाग खोल दिसू लागणे हे उपासमारीचे पक्के लक्षण आहे. एका युफायलियाच्या कडेला चोच मारल्यासारख्या खुणाही दिसल्या. पाणी तपासले तेव्हा नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्याजवळ होते. झोअँथिड फिकट पडू लागले होते आणि रॅकच्या एका कोपऱ्यात तपकिरी, बुडबुडे धरणारा, चिकट थर दिसू लागला होता. हा थर डायनोफ्लॅजेलेट्सचा असण्याची शक्यता असते, आणि पाण्यातील पोषकद्रव्ये संपली की तो वाढतो. त्यातल्या ऑस्ट्रिऑप्सिससारख्या काही जाती गोगलगायींना मारतात, म्हणून तो उपेक्षण्याजोगा नव्हता.

येथे घरात दोन मते झाली. पत्नीचे म्हणणे, टाकीतले प्राणी आता काढून घ्यावेत कारण काम झाले. पतीचे म्हणणे, मासे वाढवावेत कारण माशांची विष्ठा आणि त्यांच्या कल्ल्यांतून निघणारा अमोनिया हेच प्रवाळांच्या पेशींत राहणाऱ्या शैवालांचे खत आहे. दोघांचेही अर्धे बरोबर होते. ठरले ते असे. सहापैकी तीन ट्रोकस दिवाणखान्यातल्या टाकीत हलवल्या गेल्या. टेलस्पॉटसाठी नोरीचा, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा, लहान तुकडा क्लिपला लावून दिवसाआड देण्यास आणि सोबत बुडणारे बारीक दाणे देण्यास सुरुवात झाली. हा मासा लॉनमोअरपेक्षा तयार अन्न लवकर स्वीकारतो आणि त्याच्या निवडीमागे ते एक कारण होतेच. पाण्यातली घाण फेसावाटे काढणारे स्किमर हे यंत्र दिवसातून ठरावीक तास बंद ठेवले गेले. आणि एक मासा वाढवला गेला, एकच.

तो मासा बांगाई कार्डिनल होता. इंडोनेशियातील बांगाई बेटांच्या परिसरातच मुळात आढळणारी ही जात पकडीमुळे एवढी घटली की आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २००७ मध्ये तिला संकटग्रस्त ठरवले आणि अमेरिकेनेही २०१६ मध्ये आपल्या कायद्याखाली तिची नोंद धोक्यातील जात म्हणून केली. म्हणून तो घ्यायचा तर बंदिस्त पैदाशीतलाच, हा आग्रह होता. या माशाचा नर अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळतो, त्यामुळे पैदास घरातही होऊ शकते आणि तशी पिल्ले बाजारात मिळतात. आठ सेंमीपर्यंत वाढणारा, जागच्या जागी तरंगणारा, रॅक न हलवणारा आणि दिवसातून तीनदा मायसिस खाणारा असा हा मासा या टाकीला खत पुरवण्यासाठी योग्य होता. शिवाय तो जाळीत सहज येतो. काही आठवड्यांत नायट्रेट लिटरला ५ मिलिग्रॅमच्या आसपास आणि फॉस्फेट ०.०५ मिलिग्रॅमच्या आसपास स्थिर झाले, तपकिरी थर ओसरला आणि झोअँथिडना रंग परत आला. नोरी सुरू झाल्यावर युफायलियावरच्या खुणाही थांबल्या.

हे लिहीत असताना भारतातील वाचकांसाठी एक गोष्ट मध्येच सांगितली पाहिजे, कारण या कुटुंबाच्या पुण्यातील नातेवाइकांनी हीच यादी आपल्यासाठी मागितली होती. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत सर्व दगडी प्रवाळ आहेत. २००१ पासून ते संरक्षित आहेत आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतरही ते त्याच अनुसूचीत राहिले. समुद्री पंखे, अग्निप्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्री काकड्या आणि समुद्रघोडेही कायद्याने संरक्षित आहेत. म्हणजे वर आलेली युफायलिया, माँटिपोरा किंवा ॲक्रोपोरा घरात ठेवणे तेथे गुन्हा ठरतो, मग विक्रेता काहीही म्हणो. एडिसनमधील टाकीची प्रवाळांची यादी पुण्यात नेण्याजोगी नाही. ब्लेनी आणि पाण्याच्या मोजमापाबद्दलचे विवेचन तेवढे नेता येईल.

झोअँथिड हाताळण्याबद्दलचा इशारा मात्र दोन्हीकडे लागू आहे. त्यांच्यातल्या काही जातींत, विशेषतः पॅलिथोआत, पॅलिटॉक्सिन हे तीव्र विष असते. कापताना हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवा, आणि ज्या चकत्यांवर किंवा खडकावर ते आहेत त्या उकळत्या पाण्यात टाकून साफ करण्याचा प्रकार कधीही करू नये, कारण वाफेबरोबर विष श्वासात जाते. या कुटुंबात लहान मुले असल्याने फ्रॅग कापण्याचे टेबल तळघरातल्या कुलूपबंद खोलीत हलवण्यात आले.

शेवटचा प्रश्न ॲक्रोपोराचा होता आणि त्याबरोबर रास माशाचा. ॲक्रोपोरावर एक चपटा किडा पडतो, ॲमाकुसाप्लाना ॲक्रोपोरी. तो प्रवाळाच्या रंगात मिसळून जातो, मांस खरवडतो आणि उघड्या पडलेल्या सांगाड्यावर अंडी घालतो. औषधी पाण्यात बुडवल्याने मोठे किडे गळून पडतात, अंडी वाचतात. बर्गियांची मुदत संपली होती, म्हणून आता पिवळा कोरिस रास आणावा, तो असले किडे टिपतो, असे पतीचे मत होते. हा मासा रात्री वाळूत गाडून घेऊन झोपतो; त्यासाठी कोपऱ्यात वाळूचे एक भांडे ठेवता आले असते. तो लहान गोगलगायींनाही खातो, ही दुसरी बाब. पण माझा आक्षेप तिसऱ्याच कारणाने होता. रास दिसेल तो किडा खातो, अंडी खात नाही. त्यामुळे किड्यांची संख्या इतकी कमी राहते की मालकाला काहीच दिसत नाही आणि टाकी निरोगी आहे असे तो समजतो. जी टाकी आपल्यापुरती आहे तिच्यात हे चालूनही जाईल. या टाकीतले फ्रॅग दर महिन्याला दुसऱ्यांच्या घरी जातात. ज्याच्या टाकीत रास नाही अशा माणसाकडे त्या चकतीवरची अंडी फुटतील आणि दोन महिन्यांनी त्याची सगळी ॲक्रोपोरा पांढरी पडेल. रोग लपवणारा मासा फ्रॅगच्या टाकीत रोगापेक्षा वाईट.

म्हणून रास आणला गेला नाही. त्याऐवजी चाळीस लिटरचा एक साधा डबा, हीटर, एक छोटा पंप आणि दिवा एवढ्यावर ॲक्रोपोरासाठी वेगळी विलगीकरण टाकी उभी केली आहे. तीत एकही मासा नाही, फक्त दोन ट्रोकस आहेत. आलेला प्रत्येक तुकडा त्याच्या मूळ चकतीवरून कापून नव्या चकतीवर बसवला जातो, सांगाड्याचा उघडा भाग छाटला किंवा डिंकाने झाकला जातो, दर आठवड्याला बुडवला जातो आणि बुडवलेल्या पाण्याच्या तळाशी काय पडले ते भिंगाने पाहिले जाते. लागोपाठ काही आठवडे त्या पाण्यात काहीच आढळले नाही, तरच तो तुकडा रॅकवर येतो. पहिल्या खेपेतील चारपैकी तीन तुकडे आले आहेत. चौथ्याच्या पाण्यात किडे सापडले, आणि देणाऱ्या गृहस्थांना ते लगेच कळवण्यात आले.